रिसेप्शनला कंट्री गाणं म्हणायचंय, पण 'सेटल डाऊन'ला मराठीत काय म्हणू?

बॅगवाला_इंदूर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

तर लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये, इंदूरलाच. मी ३१, हॉस्पिटलच्या मशीनींचा सर्व्हिस इंजिनियर, मतलब महिन्यातले पंधरा-अठरा दिवस बाहेर, रतलाम खंडवा बुऱ्हाणपूर झाबुआ, कधी रात्रीच्या बसने जबलपूर. घरी असलो तरी बॅग दारापाशीच, आणि दात घासायचा ब्रश बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. बाथरूममध्ये ग्लासात ब्रश ठेवायचा असतो हेच विसरलोय, आई त्याच्यावरून नऊ वर्षं बोलतेय. होणारी बायको सांगलीची, नोकरी पुण्यात, आता घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून इकडे येतेय. सुदामा नगरला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. मागच्या महिन्यात ती बघायला आली तेव्हा आत शिरल्या शिरल्या वर बघून म्हणाली, माळा आहे ना, मग ती बॅग आता माळ्यावर टाक. मी हसलो, पण घरी येऊन झोप लागेना.

आता मूळ मुद्दा. तिला अमेरिकन कंट्री म्युझिकचं वेड आहे, हॉस्टेलला शिलाँगची रूममेट होती तिच्यामुळे लागलेलं. मला आधी कंट्री म्हणजे टोपी घातलेली माणसं ट्रक आणि कुत्र्यावर गातात एवढंच माहिती होतं. ऐकायला लागलो तर लक्षात आलं की यातली अर्धी गाणी माझ्यासारख्या माणसांचीच आहेत, सारखा रस्त्यावर असतो, कुठे टिकत नाही, मग एक बाई भेटते आणि हा म्हणतो बस, आता इथेच. तर मला रिसेप्शनला असं एक गाणं म्हणायचंय, तिला न सांगता. गिटार चार वर्षं वाजवतोय, बरी वाजवतो, फक्त एफ कॉर्ड अजून नीट लागत नाही.

प्रॉब्लेम असा की समोर ३०० माणसं, पहिल्या रांगेत ८४ वर्षांची आजी. इंग्लिश गाणं सुरू केलं की अर्धी पब्लिक पाणीपुरीच्या काउंटरवर. म्हणून म्हटलं मराठीत आपलंच लिहावं, आणि पहिल्याच ओळीत अडकलो. 'सेटल डाऊन'ला शब्दच सापडेना. 'तुझ्यासोबत स्थिर व्हायचंय' लिहिलं तर मित्र म्हणाला भिया, पेशंटची प्रकृती स्थिर आहे असं डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसं वाटतंय. 'स्थायिक' म्हटलं की तहसीलचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. आणि 'सेटल' तर नकोच, गेली चार वर्षं प्रत्येक स्थळाकडून 'मुलगा सेटल आहे का' एवढंच ऐकलंय.

तर एक, शब्द सुचवा. दोन, नाहीच जमलं तर सरळ कुठलं इंग्लिश गाणं म्हणू जे एफ कॉर्डशिवाय होईल?

छप्पन_पोहे

बधाई हो भिया!! पहिले तर ही बातमी पोहे-जलेबीच्या पार्टीशिवाय ऐकून घेतली जाणार नाही.

आणि तू एवढा विचार कशाला करतोय, आपल्याकडे दोन ओळींचं कंट्री सॉन्ग शेकडो वर्षं आहे की, उखाणा म्हणतात त्याला. घरातली एक वस्तू घ्यायची, यमक जुळवायचं, शेवटी नाव घ्यायचं, टाळ्या. गिटार लावून चार उखाणे मागोमाग म्हण, झालं तुझं गाणं. मस्करीत लिहिलं होतं पण आता वाचून वाटतंय की आयडिया बरी आहे.

तीन_कॉर्ड

पोहेवाले, मस्करीत खरं बोलून गेलात. कंट्रीचं लग्नाचं गाणं चांगलं असेल तर त्यात 'प्रेम' हा शब्द कमी आणि वस्तू जास्त असतात, ओसरी, कॉफीचा मग, जुनी गाडी, दाराचं कुरकुरणं. हार्लन हॉवर्ड म्हणून मोठा गीतकार होऊन गेला, त्याने कंट्रीची व्याख्याच अशी केलेली की तीन कॉर्ड आणि खरं बोलणं. तीन कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा, म आणि प वर उभ्या केलेल्या. तू जी, सी, डी धर, एफची कटकटच नाही. आवाज खाली पडत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लाव, बोटं तीच ठेव.

इंग्लिश म्हणणार असशील तर आधी शब्द नीट वाच रे बाबा, चाल ऐकून निवडू नको. डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लोक हौसेने लग्नात लावतात, ते १९७४ चं निरोपाचं गाणं आहे. ज्या पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये ती गायची तो शो सोडताना त्याच्यासाठी लिहिलेलं. म्हणजे स्टेजवर नवरा-नवरी आणि गाणं म्हणतंय मी निघते. 'टेनेसी वॉल्ट्झ' तर त्याहून भारी, एवढी गोड चाल, आणि गोष्ट काय तर नाचता नाचता मैत्रीणच आपला माणूस घेऊन गेली.

जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन' कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो. १९५६ चं, पहिल्या बायकोला, व्हिव्हियनला दिलेलं वचन आहे ते, मी वाट सोडणार नाही म्हणून. वाट सुटली, १९६६ ला तिने घटस्फोटाचा अर्ज केला. मग १९६८ च्या फेब्रुवारीत कॅनडात, तिकडेही एक लंडन आहे, तिथे भर कार्यक्रमात स्टेजवर त्याने जून कार्टरला लग्नाचं विचारलं, मार्चमध्ये लग्न झालं, ते मात्र ३५ वर्षं टिकलं, २००३ च्या मे मध्ये ती गेली आणि सप्टेंबरमध्ये तो. गाणं चांगलं असलं म्हणून माणूस घरी टिकतो असं नाही. शिवाय त्यात कडव्या-कडव्याला पट्टी बदलते, तो मध्ये मध्ये हुंकार देतो ना तो नवीन सूर पकडायला. तुला झेपणार नाही, राग मानू नको.

पण त्याची एक युक्ती मात्र चोर. ड्रमर नव्हता तेव्हा तो गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवायचा, त्याने तार घुमत नाही, खस-खस असा ठेका येतो, लांबून स्नेअर ड्रमसारखा. तू लग्नपत्रिकेची पट्टी कापून लाव. जाड कागद असतो, मस्त वाजेल.

सरळ चांगलं हवं असेल तर रँडी ट्रॅव्हिसचं १९८७ चं 'फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन'. त्यात तो तिला म्हणतो तुझे केस पिकले, सगळे गळून गेले तरी चालेल, कारण मी काही तुझ्या केसांवर प्रेम करत नाही. हे आजीला पण कळेल. पण माझं मत विचारशील तर मराठीतच लिही.

महू_लाइन

इंदूरवाल्यांना कंट्री शिकवायला शिलाँगची रूममेट लागली हे वाचून वाईट वाटलं 😄 अरे आमच्या महूला छावणीत आणि रेल्वेच्या वस्तीत जिम रीव्ह्ज घरोघरी असायचा. वडील रेल्वेत होते, शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब, रविवारी सकाळी त्यांच्याकडे रेकॉर्ड सुरू आणि आमच्याकडे आईची पूजा, मध्ये फक्त एक भिंत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की अथर्वशीर्षाच्या मागे गिटार असतेच. रीव्ह्ज १९६४ ला विमान अपघातात गेला पण आमच्या गल्लीत तो ऐंशी सालापर्यंत जिवंत होता. त्याचं ते टेलिफोनवालं गाणं मात्र लग्नात नको हं, 'हील हॅव टू गो', त्यात हा बारमधून फोन करून तिला सांगतोय की तुझ्याजवळ बसलाय त्या माणसाला जायला सांग.

आणि आपला किशोरकुमार, खंडव्याचा, शिकला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. त्याचं ते यॉडलिंग, ओडलई-ओडलई करत आवाज वर-खाली उडवणं, कुठून आलं? जिमी रॉजर्सच्या रेकॉर्डी ऐकून उचललं असं सांगतात. आणि रॉजर्स म्हणजे कंट्रीचा मूळपुरुष, रेल्वेत ब्रेकमन होता, १९२७ मध्ये पहिलं रेकॉर्डिंग. म्हणजे बघा, आपल्या माळव्यात कंट्री आधीच येऊन गेलेली, नाव वेगळं होतं एवढंच. रिसेप्शनला एक यॉडल मारून टाका, ३०० माणसं काउंटर सोडून धावत येतील.

शब्दखोड

शब्दाचं विचारलंय त्याच्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

इंग्रजीत 'सेटल डाऊन' म्हणजे गढूळ पाणी हळूहळू निवळतं तसं काहीतरी, हलणारी वस्तू खाली बसते. एकटा माणूसही सेटल होऊ शकतो. मराठीत या अर्थाची बहुतेक क्रियापदं हाताने करायची आहेत. घर मांडणं, संसार थाटणं, बिऱ्हाड करणं. चूल मांडतात, पाट मांडतात, खेळ मांडतात तसा संसार मांडायचा. आपोआप काही खाली बसत नाही, कोणीतरी वाकून मांडावं लागतं. म्हणून तुझी ओळ जमत नाहीये, तू 'होणं' शोधतोयस आणि भाषेत आहे 'करणं'.

'बूड टेकणं' जवळचं आहे पण ते आजोबांनी चिडून म्हणायचं, बूड टेक की जरा. 'जम बसणं' दुकानाचं. 'घर बसवणं' आपण इंदूरचे लोक सर्रास बोलतो, ते हिंदी 'घर बसाना' आहे, पुण्याच्या पाहुण्यांना वाटेल घर बसवलं म्हणजे खचलं की काय. 'संसाराला लागणे' तर बैल नांगराला लागल्यासारखं.

आणि 'सेटल' बद्दल तू जे लिहिलंस ते मजेशीर आहे. आपल्याकडे सेटल म्हणजे पगार, फ्लॅट, गाडी. आधी सेटल व्हायचं मगच मुलगी मिळणार. ती मिळाल्यामुळे सेटल झालो हे म्हणायची सोयच नाही. तुझं गाणं नेमकं तेच म्हणतंय, म्हणून शब्द सापडत नाहीये.

आता खरी गोष्ट. शब्द शोधूच नको. तुझ्याच पोस्टमध्ये तो आहे, 'बॅग माळ्यावर टाक'. सेटल डाऊनचं याहून चांगलं मराठी मला तरी येत नाही.

तीन_कॉर्ड

+१, हेच लिहायला आलो होतो. हुक आहे तो, डोक्यात बसणारी ओळ. कंट्रीत काय करतात, ध्रुवपदाची ओळ तीच ठेवतात पण प्रत्येक कडव्यानंतर तिचा अर्थ थोडा सरकतो. पहिल्यांदा साधं सामान, दुसऱ्यांदा लग्न, तिसऱ्यांदा म्हातारपण. 'बॅग माळ्यावर टाक' तिन्हीकडे चालेल. आणि दादऱ्यात बसव, सहा मात्रा, तो वॉल्ट्झचाच भाऊ आहे, मामा-आत्या पण ताल धरतील.

बॅगवाला_इंदूर

अरे काय लोक आहात तुम्ही 🙏 रात्री एक वाजेपर्यंत लिहीत बसलो. दोन कडवी झाली. पहिल्यात माझे रस्ते, लॉज, बस. दुसऱ्यात ती भेटते आणि मी बॅग माळ्यावर टाकतो, ब्रश ग्लासात ठेवतो. तिसरं सुचत नाहीये. पूर्ण झालं की टाकतो.

रामबागची_काकू

मी इथे फारसं लिहीत नाही, मुलाने मोबाईलवर मराठी टायपिंग लावून दिलंय तेव्हापासून वाचते, चुका असतील तर सोडून द्या.

बाळा, तुझं सगळं वाचलं, छान आहे. पण एक विचारते. गाण्यात तुझे रस्ते आहेत, तुझी बस, तुझा ब्रश, तुझी बॅग. त्या मुलीची बॅग कुठे आहे? तू तर तुझ्याच गावात राहणार आहेस, आई दहा मिनिटांवर. सांगली सोडून, पुणे सोडून येतेय ती. सेटल कोण होतंय मग?

मी १९८३ साली मिरजेहून लग्न होऊन इंदूरला आले. रामबागेत वाड्यात दोन खोल्या, सासूबाई, दोन दीर. स्टेशनवरून टांग्यातून येताना एक ट्रंक आणि एक वळकटी. इकडची मराठी मला अर्धी कळायची नाही, सासूबाई मराठीच बोलायच्या पण मध्येच म्हणायच्या चद्दर तह करून ठेव, म्हणजे घडी घालून, मी नुसती उभी. पोह्यावर शेव घालतात आणि सकाळी सकाळी त्याच्याबरोबर जिलबी खातात हे बघून मी आईला पत्र लिहिलं होतं की इथली माणसं चांगली आहेत पण जरा विचित्र आहेत.

स्वयंपाकघरात डब्यांची फळी होती, सासूबाई उंच, त्यांच्या हाताला लागेल अशी ठोकलेली. मी पाच फुटाला पण कमी. रोज स्टुलावर चढून डाळीचा डबा काढायचा. मी कोणाला काही बोलले नव्हते, नव्या सुनेने काय बोलायचं. हे बँकेत होते, बोलायला एकदम कमी, गाणं वगैरे तर लांबच राहिलं. एक दिवस, दोन महिने झाले असतील, मी देवळातून आले तर स्वयंपाकघरात सगळीकडे चुन्याचा भुगा पडलेला आणि फळी खाली आलेली. चार बोटं. जुन्या खिळ्यांची भोकं वर तशीच दिसत होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाले काही नाही, भिंत जरा पोकळ झाली होती वर.

भिंत काही पोकळ नव्हती.

सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांनीच लोणच्याची बरणी त्या फळीवर आणून ठेवली. वाडा पडला, मुलाने त्याच जागेवर नवं घर बांधलं, फळी मी टाकू दिली नाही, आता नव्या स्वयंपाकघरात तेवढ्याच उंचीवर आहे. सून उंच आहे, तिच्या कपाळाला लागते, ती मला काही बोलत नाही आणि मी पण समजत नाही असं दाखवते. हे जाऊन सहा वर्षं झाली.

तर गाण्यात तुझी बॅग असू दे, पण तिची पण ठेव. आणि माळा किती उंच आहे ते बघ आधी, तिचा हात पोचतो का.

छप्पन_पोहे

काकू 🙏🙏 ऑफिसात बसून वाचलं, आता डोळ्यात काहीतरी गेलंय असं सगळ्यांना सांगतोय.

शब्दखोड

मी काल 'मांडणं'वर एवढं लिहिलं, काकूंनी एका फळीत आटपलं.

फीडबॅक_किंग

भावनेच्या भरात कोणीतरी प्रॅक्टिकल बोलायला पाहिजे ना. मी साउंडचं काम करतो, लग्नाच्या सीझनला महिन्याला वीस-बावीस फंक्शन. नवरदेवाची गाणी खूप पाहिलीत, दहातली आठ फसतात, आणि गाण्यामुळे नाही फसत.

माझ्याच चुलतभावाच्या रिसेप्शनला, गार्डनचं नाव नाही घेत, त्याने गिटारसमोर साधा भाषणाचा माइक ठेवला, मागे डीजेचे स्पीकर त्याच माइककडे तोंड करून. पहिली तार छेडली आणि जी शिट्टी वाजली ती आईशप्पथ शेजारच्या गार्डनमधली वरात थांबली. त्यातून तो घाबरला, अंतरा आधी म्हणाला, मग मुखडा, मग 'थँक यू'. वहिनी अजून चिडवते.

म्हणून गिटारला पिकअप असेल तर सरळ लाइन दे, नसेल तर भाड्याने आण. आवाजाचा माइक स्पीकरच्या पुढे कधीच नको, मागे उभा राहा. दुपारी चारला जाऊन एकदा पूर्ण वाजवून बघ, संध्याकाळी डीजेवाला तुला ओळख दाखवणार नाही. आणि वेळ, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, आजकाल गार्डनवाले पण घाबरतात. आपल्याकडे स्टेजवर फोटोची लाइन नऊला सुरू होते ती संपतच नाही. म्हणून जेवण सुरू व्हायच्या आधी, साडेसातला म्हण. लोक भुकेले असतात पण बसलेले असतात.

त्या कागदाच्या पट्टीची आयडिया चांगली आहे, मी पण करून पाहिली आज दुकानात. पिकअपवर अजून भारी येते.

महू_लाइन

यॉडल कॅन्सल समजू का मग

बॅगवाला_इंदूर

यॉडल कॅन्सल काका, आजीचा पेसमेकर आहे.

काकू, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस गाण्याला हात लावला नाही. मग शनिवारी फ्लॅटवर गेलो, टेप घेऊन. माळा जमिनीपासून सात फूट दोन इंच. तिची उंची पाच-एक. फोनवर असंच विचारलं की तुझ्याकडे सामान किती होईल, तर म्हणाली एक मोठी बॅग, एक पुस्तकांचं खोकं, आणि एक हार्मोनियम. मला हार्मोनियमचं माहितीच नव्हतं!! तेरा महिने झाले ओळखून. शाळेत असताना शिकायची म्हणे, आजोबांची पेटी आहे, पुण्यात रूमवर पलंगाखाली ठेवलीये, वाजवत नाही कारण रूम पार्टनरला त्रास होतो. मी आपला तिला सरप्राइज द्यायला निघालो होतो.

दुसरं कडवं पूर्ण फाडलं. आता असं झालंय, शिव्या द्या हवं तर:

खंडव्याचा चहा प्यालो, रतलामी शेव खाल्ली,
जिथे गेलो तिथे बॅग दारापाशीच राहिली.
लॉजच्या खुंटीवर शर्ट, ब्रश बॅगेच्या खिशात,
सकाळची पहिली बस, तेवढीच असायची ध्यानात.

तू म्हणालीस, बॅग माळ्यावर टाक,
आता बॅग माळ्यावर टाक.

कृष्णेकाठची तू, इथे नळाला दिवसाआड पाणी,
पेटी पलंगाखाली तुझी, तिच्यात मिटलेली गाणी.
फळी घेतो चार बोटं खाली, हात तुझा पोचू दे,
पेटी राहील खिडकीपाशी, ऊन तिच्यावर साचू दे.

आणि बॅगा माळ्यावर टाक,
दोन्ही बॅगा माळ्यावर टाक.

केस जातील, दात जातील, गुडघे करतील कुरकुर,
भांडून कधी म्हणशील तू, जाते मी माझ्या घरी दूर,
मी म्हणेन जा की खुशाल, बॅग काढून देतो वर चढून,
पण शिडी कुठे ठेवलीये ते दोघंही गेलोय विसरून.

राहू दे, बॅगा माळ्यावर राहू दे,
आता माळ्यावरच राहू दे.

जी, सी, डी एवढंच. दादऱ्यात बसलंय, 'दोघंही गेलोय विसरून'ला घाई होते, ते बघतो.

तीन_कॉर्ड

शेवटच्या कडव्यात अर्थ बरोबर सरकलाय, शाब्बास. 'दोघंही' काढून 'दोघं' कर, मात्रा सुटेल. शेवटच्या 'राहू दे' ला गिटार थांबव, नुसता आवाज.

आणि अरे, पेटी आहे तर तिला वाजवायला लाव ना! जी मेजर धरलास तर पेटीवर एकच काळी पट्टी लागेल, तिला फक्त सूर धरून ठेवायचाय, स्टील गिटार मागे रेंगाळत असते तसा. पेटीत मींड नाही निघणार पण भरून येतं. सरप्राइज अर्धं जाईल, जाऊ दे.

शब्दखोड

'ऊन साचू दे' नाही जमलं. पाणी साचतं, ऊन पडतं. पण 'पोचू दे'ला यमक हवंय हे दिसतंय, म्हणून माफ. 'नाचू दे' बघ एकदा, ऊन नाचलेलं चालतं. 'घरी दूर' पण यमकासाठीच आलंय, पण भांडणात माणूस असंच बोलतो.

आणि माळा म्हणतोयस, आमच्या घरी टांड म्हणतात. इंदूरचं गाणं आहे, विचार कर.

छप्पन_पोहे

'दोन्ही बॅगा टांडवर टाक' 😂😂 सांगलीवाले उठून निघून जातील, माळाच ठेव भिया.

बॅगवाला_इंदूर

'नाचू दे' केलं. माळाच ठेवतोय, तिचा शब्द आहे तो.

पेटीचं तिला विचारलं. दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली भाता फाटलाय, दुरुस्त करावा लागेल. पुढच्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या मामाच्या गाडीतून पेटी इंदूरला येतेय, बाईच्या आधी. इथे पेटी दुरुस्त करणारं कोणी चांगलं माहिती असेल तर मेसेज करा, भाता आणि दोन पट्ट्या अडकतात.

काकू, फळी मी स्वतः ठोकली काल. ड्रिल मशीन ऑफिसचं. चार इंच खाली घेतली.

रामबागची_काकू

चार इंच नाही रे, चार बोटं. चार इंच म्हणजे फार झालं, तुझं डोकं आपटेल रोज. आता ठोकलीयेस तर राहू दे.

गाणं मी सुनेला वाचून दाखवलं, ती हसली आणि कपाळाला हात लावून दाखवला. शिडीचं लिहिलंयस ते अगदी बरोबर. आमची शिडी १९९७ साली शेजारी दिवाळीच्या रंगाला घेऊन गेले ती अजून आणून दिली नाही, आणि माझी ट्रंक अजून वरच आहे.